चाप, घोडा आणि झीज : लष्करी रायफलीच्या एका लहान भागाचा इतिहास

(१)

बंदुकीचा इतिहास लिहिणारांचे लक्ष सामान्यतः तिच्या नळीकडे असते. नळीची लांबी, तिच्या पोटातील पेचदार खाचा, गोळीचा व्यास, पल्ला व वेग यांच्या नोंदी विपुल आढळतात. त्या मानाने ज्या भागावर शिपायाचे बोट प्रत्यक्ष टेकलेले असते, त्या चापाचा आणि चापाच्या मागे दडलेल्या कळयंत्राचा इतिहास उपेक्षित राहिलेला आहे. वस्तुतः रायफल सुटणे वा न सुटणे, आणि विशेषतः ती नको तेव्हा सुटणे, हे या कळयंत्रातील दोन लहानशा पोलादी कडांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते. या कडा एकमेकींवर घासतात, आपटतात आणि कालांतराने झिजतात. विसाव्या शतकात दारूच्या वायूच्या दाबावर आपोआप भरल्या जाणाऱ्या रायफली सैन्यांत आल्या, तेव्हा या झिजेचे स्वरूपच पालटले.

प्रस्तुत निबंधात या पालटाचा मागोवा घ्यावयाचा आहे. तो घेताना शस्त्रविद्येबरोबर शब्दांचाही आधार घेतलेला आहे. कारण यंत्राच्या ज्या भागाला भाषेत नाव नसते, त्याच्या दुखण्याची तक्रारही नीट नोंदवली जात नाही. प्रथम जुन्या बंदुकीची मराठी परिभाषा, नंतर कळयंत्राची उत्क्रांती, त्यानंतर पुण्यात आराखडे तयार झालेल्या दोन भारतीय रायफली आणि शेवटी कल्याणजवळच्या मोहने–अंबरनाथ या औद्योगिक पट्ट्यातील कारखानी मराठी, असा विवेचनाचा क्रम आहे.

(२)

बंदुकीविषयीचा मराठी शब्दसंग्रह अनेक थरांचा आहे. ‘तोफ’ आणि ‘चकमक’ हे शब्द तुर्कीतून, ‘दारू’ फारसीतून, तर ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांच्या सहवासातून आले. नेम धरणे या अर्थाचा ‘शिस्त’ हा फारसी शब्द मराठीत इतका रुजला की आज तो वर्तनातील नियमितपणाचा वाचक झाला असून त्याचे बंदुकीशी असलेले नाते बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. शस्त्रांची नावे हा राज्यकारभाराचा विषय आहे, ही जाणीवही महाराष्ट्रात जुनी आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात ‘शस्त्रवर्ग’ हा स्वतंत्र विभाग आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

मात्र बंदुकीच्या कळयंत्राची नावे परकी नाहीत. ‘चाप’, ‘घोडा’, ‘खटका’ हे तिन्ही शब्द घरचे होत. ‘चाप’ या शब्दात संस्कृतातील धनुष्य आणि मराठीतील ‘चापणे’, म्हणजे दाबणे, या दोन्ही छटा मिसळल्यासारख्या दिसतात. ‘खटका’ हा ध्वनीवरून आलेला शब्द. ‘घोडा’ हे नाव आकारावरून व झेपेवरून पडले असावे. ज्या भागाला मराठी माणूस घोडा म्हणतो, त्याला इंग्रज व जर्मन कोंबडा म्हणतात आणि फ्रेंच व इटालियन कुत्रा म्हणतात. स्पॅनिश भाषेत चापाला मांजराचे पिल्लू, तर इटालियनमध्ये रातकिडा अशा अर्थाचे नाव आहे. झडप घालणाऱ्या यंत्राला प्राण्याचे नाव देण्याची ही प्रवृत्ती निरनिराळ्या समाजांत सारखीच आढळते.

तथापि एक उणीव लक्षणीय आहे. बोटाने ओढावयाचा तो चाप आणि आघात करणारा तो घोडा. परंतु या दोहोंच्या मध्ये घोड्याला अडवून धरणारा जो दात असतो, त्याला मराठीत रूढ असे एकच नाव आढळत नाही. इंग्रजीत त्याला ‘सिअर’ म्हणतात. हा शब्द आवळून धरणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून आलेला आहे. मराठी व्यवहारात ‘चाप ओढला’, ‘घोडा दाबला’, ‘खटका ओढला’ हे तिन्ही प्रयोग एकाच क्रियेसाठी होतात. सामान्य बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पण सर्वाधिक झीज नेमकी त्या अनाम दातावर आणि घोड्यावरील खाचेवर होते, हे पुढे दिसून येईल.

(३)

तोड्याच्या बंदुकीत हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. पेटता तोडा पकडणारा आकडा चाप ओढताच रंजकावर टेकत असे आणि बोट सैल करताच मागे येत असे. जोरदार कमानीला ताणून अडवून धरण्याचा प्रसंग नसल्याने कडेवर भारही नसे. चकमकीच्या बंदुकीने हे चित्र बदलले. गारगोटी पोलादावर जोराने आपटून ठिणगी पाडावयाची, तर घोड्याच्या मागे बळकट कमान हवी. आणि ती ताणून धरण्यासाठी घोड्याच्या आसाला खाच व त्या खाचेत बसणारा दात हवा. बंदुकीच्या इतिहासात दात व खाच यांची जोडी येथे महत्त्व पावली. अर्धा चढवलेला आणि पुरता चढवलेला अशा घोड्याच्या दोन स्थिती असत. अर्ध्या स्थितीची खाच झिजली, की सुरक्षित समजून हाताळलेली बंदूक हातातच सुटे.

महादजी शिंदे यांच्या कवायती फौजेसाठी द बॉयन्य याने आग्रा येथे शस्त्रशाळा चालवली. तेथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत. अशा शस्त्रशाळांतील कारागिराला खाच कानसून साधावी लागे आणि झिजल्यावर पुन्हा कानसावी लागे. प्रत्येक बंदुकीचा भाग त्याच बंदुकीपुरता असे. एकीचा घोडा दुसरीला बसेलच असे नसे. झीज ही कारागिराच्या हातात व डोळ्यात मोजली जाई, कागदावर नव्हे.

यंत्रयुगातील कारखान्यांनी ही स्थिती पालटली. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगालमधील इशापूर येथे रायफलींचे उत्पादन सुरू झाले. तेथे तयार झालेली ·३०३ व्यासाची ली-एन्फील्ड रायफल भारतीय शिपायाने दोन महायुद्धांत वापरली. हिच्यात प्रत्येक बारानंतर शिपाई हाताने खिळ मागे ओढून पुढे ढकलीत असे, आणि पुढे ढकलतानाच आघात करणाऱ्या दांड्याची खाच दातावर अडकत असे. ही अडकण शिपायाच्या हाताच्या वेगाने होई. चापाची ओढ दोन टप्प्यांची असे, पहिली हलकी व दुसरी जड. आर्मरर, म्हणजे पलटणीतील शस्त्रदुरुस्ती करणारा कारागीर, चापाला वजन टांगून ती ओढ तपासत असे. ओढ नेमून दिलेल्या मर्यादेहून हलकी भरली, तर कड झिजली आहे असा त्याचा अर्थ होता. झिजेला अंकांत मांडण्याची ही साधी पण महत्त्वाची पद्धत होय.

(४)

दारूच्या वायूवर चालणाऱ्या रायफलीत शिपायाच्या हाताचे काम वायू करतो. गोळी नळीतून पुढे जात असता तिच्या मागील वायूचा थोडा भाग नळीच्या एका लहान छिद्रातून बाहेर घेतला जातो. तो एका दट्ट्याला मागे रेटतो. दट्ट्या खिळीच्या वाहकाला मागे ढकलतो. रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, आणि परतीच्या कमानीच्या जोराने वाहक पुढे येताना नवे काडतूस नळीत बसते. अमेरिकन सैन्याने १९३६ साली स्वीकारलेली गॅरंड रायफल, सोव्हिएत संघात १९४७ नंतर पुढे आलेली कलाश्निकोव्ह आणि बेल्जियममध्ये १९५३ च्या सुमारास सिद्ध झालेली फाल या तिन्ही रायफली याच तत्त्वावर चालतात.

कळयंत्राच्या दृष्टीने यातील निर्णायक गोष्ट अशी की, मागे जाणारा वाहक घोड्याला आपटून खाली दाबतो व नव्याने चढवतो. ज्या क्रियेला ·३०३ मध्ये शिपायाचा हात पुरत होता, ती आता एका वेगवान लोखंडी आघाताने होते. मिनिटाला सुमारे ६५० बार या गतीने चालणाऱ्या यंत्रात एक संपूर्ण आवर्तन सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पुरे होते. तेवढ्यात घोडा खाली दाबला जातो, कमानीने उसळतो आणि दातावर येऊन थडकतो. शिवाय शिपायाचे बोट अजून चापावरच असते. म्हणून बोट सुटेपर्यंत घोड्याला धरून ठेवणारी आणखी एक अडकण द्यावी लागते. जुन्या बंदुकीत जेथे कडांची एक जोडी होती, तेथे आता दोन वा तीन जोड्या झाल्या. झिजण्याची ठिकाणे वाढली आणि प्रत्येक ठिकाणचा आघातही वाढला.

या आघाताला तोंड देण्यासाठी पोलादाचा उपाय योजला गेला. घोडा, दात व चाप संपूर्ण कठीण पोलादाचे केले, तर कड ठिसूळ होऊन तिचा कपचा उडतो. मऊ पोलादाचे केले, तर कड लवकर गोलावते. म्हणून गाभा चिवट ठेवून केवळ पृष्ठभागात कार्बन मुरवावयाचा व तो कठीण करावयाचा, अशी रीत रूढ झाली. हा कठीण थर मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच असू शकतो. तो टिकून आहे तोवर झीज मंद असते. तो एकदा ओलांडला गेला की आतील मऊ धातू झपाट्याने झिजतो. म्हणजे झीज सारख्या गतीने होत नाही. दीर्घ काळ काहीच घडत नाही असे वाटते आणि मग थोडक्या दिवसांत सर्व घडते. चाप मऊ चालावा म्हणून दगडाने कड घासण्याचा मोह ज्यांना होतो, ते नकळत हाच थर घालवून बसतात.

कडेच्या कोनाचेही असेच आहे. खाच व दात यांचा कोन असा राखलेला असतो की घोड्याचा दाब दाताला अधिक आत खेचतो. कड गोलावली की हा संबंध उलटतो, आणि तोच दाब दाताला बाहेर सारू लागतो. तेव्हा बोट एकदाच ओढले असता दोन बार निघणे, वा रायफल आपटताच ती सुटणे, असे प्रकार संभवतात. दुसरीकडे घोड्याची कमान थकली, तर आघात अपुरा पडून काडतूस पेटत नाही. धूळ व वाळू या सर्व प्रक्रियांना हातभार लावतात. वाळूतील गारगोटीचे कण साध्या पोलादाहून कठीण असतात, आणि तेलात मिसळले की ते सहाणेचे काम करतात. गॅरंड रायफलीचे कळयंत्र एकसंध सुटे करून बाहेर काढता येई आणि फाल रायफल मधोमध बिजागरीवर उघडता येई. कळयंत्र दिसावे, पुसता यावे, बदलता यावे, ही गरज रचनाकारांनी ओळखली होती, असे यावरून म्हणता येते.

(५)

भारतात हा पालट पुण्याशी निगडित आहे. १९५८ साली पुण्यात शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था स्थापन झाली. बेल्जियन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन बनावटीच्या फाल रायफलींचा अभ्यास करून तेथे ७·६२ मिलिमीटर व्यासाच्या भारतीय रायफलीचा आराखडा सिद्ध झाला, आणि इशापूर येथे तिचे उत्पादन झाले. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात भारतीय शिपाई बहुतांशी ·३०३ घेऊनच लढला होता. त्यानंतर या नव्या रायफलीची निकड सर्वांना पटली. ‘एस. एल. आर.’ या आद्याक्षरांनी ती शिपायांत ओळखली जाऊ लागली. बोट एकदा ओढले की एकच बार, अशी तिची रचना होती. सलग बार करण्याची सोय वगळल्यामुळे कळयंत्रातील भाग कमी राहिले, आणि दीर्घकाळ टिकण्याच्या दृष्टीने हा साधेपणा तिला उपकारक ठरला. सैन्यातून मागे पडल्यानंतरही ती अनेक पोलीस दलांच्या हाती राहिली.

१९८० च्या दशकात याच संस्थेत ५·५६ मिलिमीटरच्या ‘इन्सास’ या शस्त्रकुलाचे काम सुरू झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती रायफल सैन्यात दाखल झाली. हिच्या कळयंत्रात एक नवी गोष्ट होती. एकेरी बाराखेरीज, बोट एकदा ओढले असता तीनच बार निघून आपोआप थांबण्याची सोय तिच्यात केलेली होती. तीन मोजून थांबावयाचे, तर यंत्राला मोजता आले पाहिजे. म्हणजे दातेरी चाक, त्याला पुढे सरकवणारी खिटी आणि अडवणारी खिटी असे भाग वाढले. गोळ्या वाचाव्यात हा हेतू रास्त होता. पण मोजणीचा एक दात चुकला, तरी यंत्राचा हिशेब चुकतो.

१९९९ च्या कारगिल युद्धात या रायफलीची पहिली मोठी कसोटी लागली. थंडीत प्लॅस्टिकचे गोळ्यांचे खोके तडकणे आणि तीन बारांवर ठेवलेली रायफल न थांबता सलग चालणे, अशा तक्रारी त्या वेळी प्रसिद्ध झाल्या. पुढे २००५ साली नेपाळमध्ये माओवाद्यांशी झालेल्या एका चकमकीत अनेक सैनिक मारले गेले. तेथील लष्कराच्या प्रवक्त्याने या रायफली ऐन वेळी निकामी झाल्याचे सांगितले. भारतीय बाजूने वापर व निगा नीट नसल्याची शक्यता पुढे करण्यात आली आणि प्रशिक्षण देण्याची तयारी दाखवली गेली.

(६)

या वादात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. त्या वादाची भाषा मात्र विचारात घेण्यासारखी आहे. एकच रायफल बंद पडते, आणि एक पक्ष म्हणतो ‘दोष’, दुसरा म्हणतो ‘निगा नाही’. मराठीत या ठिकाणी तीन शब्द उपलब्ध आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. ‘दोष’ हा घडणीतच असतो. त्याची जबाबदारी रचनाकाराची वा कारखान्याची. ‘बिघाड’ म्हणजे जुळलेले सुटणे. तो एखाद्या क्षणी होतो व त्याचे कारण शोधावे लागते. ‘झीज’ ही वापरातून, कालक्रमाने होते. ती कोणाचा अपराध नसते, पण तिची मर्यादा ठरवणे व ती गाठली गेल्यावर भाग बदलणे हे निश्चितपणे कोणाचे तरी काम असते.

झिजलेला दात ‘सदोष’ म्हणून नोंदला गेला, तर कारखान्यात आराखडा विनाकारण बदलला जातो आणि पलटणीतील तपासणीची ढिलाई झाकली जाते. उलटपक्षी सदोष दात ‘झिजलेला’ म्हणून नोंदला गेला, तर खापर शिपायाच्या माथी फुटते आणि तोच दोष पुढील हजारो रायफलींत उतरतो. दोन्ही प्रसंगी किंमत मोजतो तो ज्याच्या बोटाखाली चाप आहे तो मनुष्य. नवी रायफल दाखल झाल्यावर थोड्याच काळात तिची तक्रार आली, तर ती झिजेची असण्याचा संभव कमी, एवढा साधा तर्कसुद्धा हे शब्द वेगळे राखले तरच करता येतो.

‘झिजणे’ हा शब्द स्वतः पाहण्याजोगा आहे. संस्कृत ‘क्षीयते’, प्राकृत ‘झिज्जइ’ आणि मराठी ‘झिजणे’ अशी त्याची परंपरा आहे. मराठी मनात हा शब्द आदराने वावरतो. चंदनासारखे झिजणे हा जीवनाचा गौरव समजला जातो. चंदनाची झीज सुगंध देते. दाताच्या कडेची झीज मात्र मुकाट्याने धोका साठवीत जाते. म्हणून यंत्राच्या संदर्भात हा शब्द भावनेच्या कक्षेतून मोजमापाच्या कक्षेत आणावा लागतो.

(७)

मोजमापाचे हे मराठी जेथे घडले, त्या स्थळांपैकी कल्याणचा परिसर एक होय. अंबरनाथ येथे १९५० च्या दशकात संरक्षण खात्याचा कारखाना आणि यंत्रहत्यारांच्या आद्य नमुन्यांचा कारखाना असे दोन कारखाने उभे राहिले. पहिल्यात पितळेच्या पट्ट्या व काडतुसांसाठी लागणाऱ्या पितळी वाट्या तयार होत. खानदेशात वरणगाव येथे १९६० च्या दशकात निघालेला काडतुसांचा कारखाना आणि खडकीचा जुना कारखाना यांच्यासह या स्थळांनी महाराष्ट्राला रायफलीच्या पोटाशी जोडले. रायफल इशापूरची असली, तरी तिचा आराखडा व तिचे अन्न बरेचसे या प्रदेशातले होते. २०२१ साली देशातील सर्व आयुधनिर्माणी कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा हे कारखानेही वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले.

याच पट्ट्यात उल्हास नदीकाठी, आंबिवली स्थानकाजवळ मोहने हे गाव आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या गिरणीने ते नावारूपास आले. २००९ साली ती गिरणी बंद पडली. मोहने येथे रायफल कधी घडली नाही. पण रेयॉनच्या धाग्याची जाडी ज्या लहान पंपावर अवलंबून असते, त्यातही दोन दातेरी चाके एकमेकांत फिरतात आणि त्यांचे दात झिजले की धागा सारखा येत नाही. लहान दाताच्या झिजेवर मोठ्या कामाची मदार असणे, ही गोष्ट अशा कारखान्यांतील कामगाराला शिकवावी लागत नाही.

कारखानी मराठीत या अनुभवाचे शब्द विपुल आहेत. ‘आटे गेले’, ‘बेअरिंग गेले’, ‘धार गेली’, ‘प्ले आला’, ‘दात झिजला’ असे प्रयोग सर्वत्र ऐकू येतात. भाषिक दृष्ट्या यांत एक सूक्ष्म भेद आहे. ‘गेले’ हे क्रियापद अंतिम अवस्था सांगते. भाग संपला, बदला. ‘प्ले आला’ हा प्रयोग आरंभीची अवस्था सांगतो. भाग चालतो आहे, पण सैल झाला आहे. या दोहोंमधील प्रवास ‘झिजणे’ हा धातू व्यक्त करतो. म्हणजे सुरुवात, क्रम व शेवट या तिन्ही अवस्था बोलणाऱ्या कामगाराला शब्दांनी वेगळ्या दाखवता येतात. कारखान्यातील ‘गेज’ हे मापन-साधन हेच काम पोलादाने करते: एक टोक बसले पाहिजे, दुसरे बसता कामा नये, दुसरेही बसले, तर भाग ‘गेला’.

१९६० साली स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश तयार केले, आणि यंत्रविद्येतील बहुसंख्य संकल्पनांना त्यांत मराठी प्रतिशब्द मिळाले. तथापि कोशातील प्रतिशब्द व कारखान्यातील प्रयोग यांची गाठ पडल्याशिवाय परिभाषा जिवंत होत नाही. कळयंत्रातील त्या अनाम भागाला ‘दात’ आणि घोड्यावरील कोरीव जागेला ‘खाच’ म्हणावयाला संस्कृतची मदत घ्यावी लागत नाही. हे शब्द लोहाराच्या, सुताराच्या आणि मोहने–अंबरनाथच्या कामगाराच्या तोंडी पूर्वीपासून आहेत. ‘दाताची कड गोलावली, कठीण थर गेला, ओढ हलकी भरली’ हे वाक्य कोणत्याही मराठी शिपायाला समजेल आणि कोणत्याही कारखान्याला त्यावरून कृती करता येईल. ‘रायफल बिघडली’ या वाक्यावरून ती करता येत नाही.

२०१९ नंतर भारतीय सैन्यात नव्या रायफली येऊ लागल्या. अमेठीजवळ कोरवा येथे कलाश्निकोव्ह जातीच्या रायफलींचे उत्पादन सुरू झाले आणि इन्सास क्रमाने मागे पडू लागली. या नव्या रायफलीही वायूच्याच दाबावर चालतात. त्यांच्यातही वाहक घोड्याला आपटतो, घोडा दातावर थडकतो आणि कड हळूहळू झिजते. तोड्यापासून आजतागायत बंदुकीत पुष्कळ बदल झाले. परंतु ज्या कडेवर शिपायाचा भरवसा टेकलेला असतो, तिची तपासणी वेळेवर व्हावी आणि तिच्या झिजेची नोंद योग्य शब्दात व्हावी, ही गरज कमी झालेली नाही. उलट यंत्राचा वेग वाढत गेला, त्या प्रमाणात ती वाढत गेलेली आहे.